माळ्याची माडी

आमच्या घराची माडी भाऊकाकांनी बांधली, असं आमच्या भावकीत अजून सांगतात. लग्नकार्याला चार माणसं जमली की कुणीतरी ते वाक्य काढतंच, आणि काढताना असा आवाज लावतं की जणू किल्लाच बांधला. इतकी वर्षं मी ते ऐकून घेतलं. आता माझे गुडघे गेले, दात गेले, ज्यांच्यापुढे जीभ आवरायची ती माणसंही गेली. तेव्हा आता ऐकून घेणार नाही. भाऊकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मुंबईत नोकरीला. त्यांनी मनिऑर्डर पाठवली, हे खरं. तिच्यातून खिळे आले, बिजागऱ्या आल्या, चार काचेची कौलं आली आणि सुताराची मजुरी भागली. पण त्या माडीपायी जे गेलं ते कुठल्या मनिऑर्डरीत बसणारं नव्हतं. ते माझ्या आईचं गेलं, आणि ते घालवण्यात माझा हात होता. हे शेवटचं वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. मधे दोनदा चष्मा सापडत नाही असं मी घरात सांगितलं. तो माझ्या डोक्यावरच होता.

आमचं घर मिठबावच्या जवळ, समुद्राची गाज ऐकू येते पण समुद्र दिसत नाही अशा सखल जागी. मातीच्या भिंती, वर कौलं, पुढे खळं म्हणजे अंगण, पडवी, मग माजघर आणि त्याला लागून स्वयंपाकघर. या दोन्हींवर मिळून माळा. माळा म्हणजे काही फळ्यांचा मजला नव्हे. भिंतीवरून भिंतीवर टाकलेले वासे आणि त्यांच्यावर अंथरलेल्या चिव्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या बारीक बांबूच्या, काठ्या. दोन काठ्यांमधून बोट जाईल एवढी फट. खाली चूल पेटली की धूर त्या फटींतून वर चढायचा, माळ्यावर थोडा रेंगाळायचा आणि कौलांच्या सांदींतून निघून जायचा. सकाळी खळ्यात उभं राहून पाहिलं तर अख्खं घर निवांत विडी ओढत बसलंय असं वाटे. वर सुके नारळ, कोकमाची सोलं, पावसात डोक्यावर घ्यायची जुनी इरली, एक मोडका पाळणा. दुपारी घर निजलं की एखादा नारळ आपणहून गडगडत जायचा आणि त्याच्यामागून मांजर. सगळं काळंभोर, धुरकटलेलं. वर जाऊन आलं की परकराला, केसांना, हातांना दिवसभर तोच वास. मला त्या वासाची त्या वयात शरम वाटायची. आता कुणी तो वास बाटलीत भरून आणून दिला तर मी कानातली कुडी काढून देईन.

पण माळा खरा होता तो आईच्या मुड्यांसाठी. भात कापून झोडून झालं की आई सगळ्यात भरलेल्या लोंब्यांचं भात वेगळं काढायची, कडकडीत सुकवायची, आणि पेंढ्यात घालून त्याची गोल, घट्ट आवळलेली गाठोडी बांधायची. ती मुडी. बाबा बाकी सगळी कामं करत, पण मुडी आवळायला आईच लागे. गुडघ्याने दाबून, दोराचं टोक दातात धरून ती अशी आवळायची की ठोकली तर दगडासारखी वाजावी. मग त्या मुड्या बरोबर चुलीच्या वर, माळ्यावर चढायच्या आणि पेरणीपर्यंत धूर खात बसायच्या. धूर खाल्लेल्या भाताला टोक्यासारखी कीड लागत नाही, उंदीर तोंड लावत नाही, ओल चढत नाही. बियाणं वालयचं, लाल भात. आईनं ते लग्न होऊन आली तेव्हा तिच्या माहेरून, फोंडाघाटाच्या पायथ्याकडून आणलेलं. आमच्या वाडीत तेवढं शुद्ध बियाणं कुणाकडे नव्हतं. मिरगाच्या आधी बायका टोपली घेऊन यायच्या आणि पडवीत बसून राहायच्या. "वयनी, वायच तुमच्यातला दी गो, आमच्यात भेसळ झाली हा." आई द्यायची. कापणीनंतर त्या मापाला थोडं वरचढ घालून परत आणायच्या. माझ्या आईला लिहिता येत नव्हतं, अंगावर सोनं फारसं नव्हतं, चारचौघांत ती बोलायची नाही. पण त्या आठ दिवसांत तिचा पदर खोचण्याचा ढंगही बदलायचा. त्या वालयची पेज सकाळी आमच्या घरात व्हायची, लालसर, दाट, वर भाजलेला सुका बांगडा किंवा कैरीचं करमट. भाऊकाका मे महिन्यात आले की दोन वाडगे एका बैठकीला संपवायचे आणि म्हणायचे, ह्या पेजेसाठी मी वर्षभर मुंबईत दम काढतो.

आता माझ्याकडे या. वय तेरा. आठवी. नुकतीच हायस्कुलात जायला लागलेली, दोन वेण्या, लाल फिती, आणि डोक्यात हवा. हायस्कुलात गेल्यापासून मी घरात मालवणी बोलायचं बंद केलं होतं. आई म्हणायची, "गो सुमन, ताट हाड." मी म्हणायची, "आणते हं, आई." बाबा पाठ फिरवून हसायचे. माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या घरी माडी होती. माडीला खिडकी, खिडकीत बसून त्या अभ्यास करत म्हणे. आपल्यालाही माडी असावी, तिच्या खिडकीतून समुद्र दिसावा, आपण गालाला हात लावून बसावं आणि खालून जाणाऱ्यांनी म्हणावं, अगो, ती बघ कशी वाचत बसली आहे, असं माझ्या मनात फार होतं. वाचायचं काय, ते ठरलं नव्हतं.

त्यात भाऊकाकांचं पत्र आलं. माळ्याची माडी करूया, वर फळ्या मारूया, दोन खिडक्या पाडूया. आम्ही मे महिन्यात येतो तेव्हा मुलांना उकडतं, काकीला धुराचा त्रास होतो. आणि एरवी सुमनला अभ्यासाला होईल. ते शेवटचं वाचून मी खळ्यात उडी मारली. बाबांनी पत्र दुमडलं आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "भाऊ म्हणता तर बरा आसा." बाबा आयुष्यात भाऊकाकांपुढे दुसरं वाक्य बोलले नाहीत. आईला मात्र बोलायचं होतं. पण त्या काळी थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांशी थेट बोलत नसत. भाऊकाका घरात असले आणि आई समोर असली तरी ते म्हणत, "सुमन, आवशीक विचार, पाणी तापला काय?" आणि आई माझ्याकडे बघून म्हणे, "सांग, तापला." ते मुंबईत असले की हेच पत्रातून चाले. पत्रही मीच लिहायची. म्हणजे आईची जीभ म्हणजे मी. अशी जीभ देवाने शत्रूलाही देऊ नये.

"लिव," आई म्हणाली. ती निवडायला सूप घेऊन बसली होती. "सगळ्यांका नमस्कार लिव. मगे लिव, माडी करा, पण चुलीच्या वरचो भाग उघडो ठेवा. थंय फळी मारू नको. माझ्या बियाण्याक धूर लागता. येवढाच. बाकी कायव करा."

मी अंतर्देशीय पत्र मांडीवर पसरलं. चुलीच्या वरचा भाग उघडा म्हणजे माझ्या माडीत निम्मा धूर. माझी पुस्तकं काळी, माझी खिडकी काळी, मी काळी. शिवाय असलं काही, चूल न् धूर न् मुड्या, मुंबईच्या पत्रात लिहायचं म्हणजे अगदीच गावंढळ. मी लिहिलं: "आईची या कामास पूर्ण संमती असून तिला अत्यंत आनंद झाला आहे."

"धुराचा लिवलंस?"

"लिहिलं गं."

"नीट लिवलंस मा?"

"आई, मी आठवीत आहे."

ते पत्र मी स्वतः जाऊन पेटीत टाकलं. जाताना मला काही वाटलं असेल तर ते एवढंच, की 'अत्यंत' शब्द किती छान बसला.

दिवाळी झाली आणि काम सुरू झालं. फळ्यांसाठी विहिरीजवळचा फणस पाडला. कापा फणस होता, दर वर्षी बुंध्याला धरणारा, मुलांच्या हाताला येणारा. तो पाडायचं पहिल्या पत्रात नव्हतं. पण "घरचा लाकूड आसताना इकत कित्याक घेवचा," असं भाऊकाकांनी कळवलं आणि बाबा म्हणाले, बरा आसा. तो पडला तेव्हा आई गोठ्यात जाऊन बसली. मग तीन महिने खळ्यात करवत चालली. सुताराला आमच्याकडे मेस्त म्हणतात. आमचे मेस्त बोलके होते, जेवण आमच्याकडे, दोन वेळा चहा आमच्याकडे, तंबाखूही आमच्याकडची. परवा माझा नातू कागद घेऊन आला. त्यालाही आमच्या आताच्या घराचा माळा नीट करून पर्यटकांना द्यायचा आहे. खोलीमागे इतकं, संडासामागे इतकं, एकूण इतकं. मी विचारलं, बाबा रे, जेवू कोण घालणार? तो म्हणाला, आजी, ते लोक डबा आणतात. असो. आमच्या वेळी तीन महिन्यांचं ते रांधप कुणी कुठे लिहिलं नाही.

मुड्या त्या वर्षी माळ्यावर चढल्याच नाहीत. वर काम चालू, म्हणून बाबांनी त्या माजघराच्या कोपऱ्यात दोन फळ्यांवर रचून ठेवल्या. आई रोज त्यांना हात लावून बघायची. मग एक दिवस मेस्त फळ्या मारत मारत बरोबर चुलीच्या वर आले, आणि आई पीठ भरलेल्या हातांनी उठली.

"मेस्तानू, थंय नको. थंय उघडा ठेवचा आसा."

"उघडा? वयनी, मुंबयकारांचो कागद आसा माझ्याकडे. सगळो माळो बंद."

"आणि धूर खंय जातलो?"

"जातलो खंय तरी. धुराक काय वाट सांगूक लागता?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी कौलांकडे पाहिलं. "मी तेंका कळवलंय," आई म्हणाली. "सुमनन लिवल्यान." बाबा म्हणाले, "कळवलंस तरी तेंचा उत्तर हाच इला ना? आता भावाच्या शब्दाभायर कसा जावचा?" मी तिथेच होते, दाराशी, एका पायावर उभी. खरं सांगायचं तर ती घटका मला मिळाली होती. एक वाक्य बोलले असते तर मेस्तांनी चार फळ्या कमी मारल्या असत्या आणि हे प्रकरण इथेच संपलं असतं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आई, हल्ली कुणीही माळ्यावर भात ठेवत नाही." आई परत बसली आणि भाकरी थापायला लागली. थोरल्या दिराने आपलं मागणं वाचलं आणि नाही म्हटलं, असं तिने धरलं. आणि एकदा धरल्यावर ती त्यावर अवाक्षर बोलली नाही. वर हातोडा चालू होता. धूर वर जाऊन फळ्यांना आपटला, परत खाली आला आणि तिच्या डोळ्यांत गेला.

माडी झाली. खिडक्या झाल्या. समुद्र दिसत नव्हता. मधे दुसऱ्यांचे माड होते. मी तरी गालाला हात लावून बसले. खालून कुणी गेलं नाही. मे महिन्यात भाऊकाका, काकी आणि मुलं आली, बारा दिवस राहिली, आणि धूर आता फळ्यांच्या फटींतून थोडा थोडाच येत असला तरी काकीला ठसका लागला, म्हणून चूल मागच्या पडवीत हलली. तीन बाजूंनी झावळ्यांच्या झडी, म्हणजे आडोसे, वर गवत. बारा दिवसांसाठी हलवलेली चूल. पाहुणे गेले तरी कुणी परत आत आणा म्हटलं नाही. बारा दिवस वर झोपणाऱ्यांसाठी बारा महिने रांधणारीला घराबाहेर काढलं, आणि याला आमच्या भावकीत घर सुधारलं असं म्हणतात!

पेरणीच्या आधी बियाणं तपासायची आईची रीत होती. प्रत्येक मुडीतलं मूठभर भात ओल्या फडक्यात बांधायचं, चुलीशेजारी उबेला ठेवायचं आणि तिसऱ्या दिवशी मोड बघायचे. त्या वर्षी पहिली मुडी सोडली तेव्हाच भुरभुर पीठ खाली पडलं. सगळ्या मुड्यांतलं भात तिने भिजत घातलं, सात पुरचुंड्या, आणि तिसऱ्या दिवशी त्या पडवीत ओळीने सोडल्या. पहिलीत मोड नव्हता. दुसरीत नव्हता. तिसरीत चार दाणे कसेबसे फुटले होते, पिवळट, बुळबुळीत. बाकीच्यांना आंबूस वास. आई बोटाने एकेक दाणा उलटून बघत होती, जसं ताप आलेल्या मुलाची पापणी उचलून बघतात. तेवढ्यात शेजारची तारामावशी टोपली घेऊन आलीच. "वयनी, वालयचा वायच दी गो." आई म्हणाली, "ह्या वर्साक नाय गो." तारामावशीला वाटलं थट्टा आहे, ती हसली. मग तिने फडकी पाहिली आणि टोपली उपडी करून डोक्यावर घेतली, जणू ती त्यासाठीच आणली होती.

आई मला घेऊन माहेरी निघाली. बियाणं जिथून आलं तिथे असणारच. तळेऱ्याला गाडी बदलली, दुपारी पोचलो. मामीने गूळपाणी दिलं, चौकशी केली, आणि आईने मागणं सांगितल्यावर रिकामं फुलपात्र उचलून बाजूला ठेवलं.

"वन्सानू, आमी ता सोडून दोन वर्सां झाली. सरकारी बियाणा घेतलंव. उतारो बरो पडता." मग घाईने म्हणाली, "आमका वाटला, वन्सांकडे तर आसाच. लागला तर थंयसून हाडूया. आमी तुमच्याच भरवशार होतंव गो!"

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. त्या दिवशी मी प्रथमच हिशेब केला, की मी जे गाळलं ते दोन ओळींचं होतं.

वाचलं ते नव्यामुळे. दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या आणि आंब्याची पानं एकत्र बांधून जी जुडी घराच्या प्रत्येक दाराला टांगतात, तिला आमच्याकडे नवं म्हणतात. ती लक्ष्मी. पुढच्या दसऱ्यापर्यंत तिला हात लावायचा नाही. पुढच्या दारावरची चिमण्यांनी खाल्ली होती, गोठ्यातली उंदरांनी. स्वयंपाकघराच्या दारावरची तेवढी शाबूत होती, काळी कुळकुळीत. वर वाट बंद झालेला धूर पाच महिने त्याच दारात घुटमळला होता. आई तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग पाटावर चढली, हात जोडले, "माका माफ कर गो बाये," असं म्हणाली आणि जुडी खाली उतरवली. बाबांनी तोंड फिरवलं, कारण घरात असं कधी झालं नव्हतं. लोंब्या चोळल्या तेव्हा आईची एक ओंजळही भरली नाही. बाकीच्या शेतात उसनं बियाणं पेरलं, आणि ती ओंजळ तिने विहिरीजवळ, जिथे फणस होता तिथल्या मोकळ्या उन्हात, चटईएवढ्या जागेत पेरली. पावसाळाभर ती रोज संध्याकाळी तिथे जाऊन यायची. मला वांगडा, म्हणजे सोबत, ये म्हणाली नाही. तिने हाक मारली नसतानाही मी जायची आणि कडेला उभी राहून मालवणीत काहीबाही बोलायची. तिने माझ्या भाषेकडे लक्ष दिल्याचं दाखवलं नाही.

कापणीला त्या जागेतून एक मुडी झाली. एकच, शहाळ्याएवढी. बाबांनी ती हातात तोलली, आत गेले, आणि कुणाला न विचारता चुलीची जुनी जागा शेणाने सारवून चूल परत आत आणली. मग वर जाऊन बरोबर तिच्या डोक्यावरच्या दोन फळ्या उचकटल्या. माझ्या जन्मात बाबांनी भाऊकाकांच्या शब्दाबाहेर केलेलं ते पहिलं काम. मुडी कौलांखालच्या वाशाला टांगली, माडीच्या मधोमध. तिच्याखालून धूर यायला लागला.

आणि मग आला मे महिना. भाऊकाका संध्याकाळी उतरले, सकाळी डोळे चोळत उठले, आणि मी पेज घेऊन वर गेले तेव्हा त्या फटीशेजारी गादीवर बसून होते. काकी खिडकीत तोंड बाहेर काढून बसली होती. फटीखाली, हातभर अंतरावर म्हणा ना, आई चुलीशी. वरचं खाली ऐकू येत होतं, खालचं वर. तरी रीत ती रीत.

"सुमन, सांग आवशीक, ह्यो धूर बंद कर म्हणान. वर माणसां ऱ्हवतत, बांगडे नाय सुकत घातलेले."

मी जिना उतरायला वळले तोच खालून आवाज आला, "सुमन, काकांक सांग, मिरगापर्यंत मुडयेक धूर व्हयो. तवसर माजघरात निजा म्हणा, मी जागा करून दितंय."

"सांग तिका, माडी मुडयेक नाय बांधलंय!" भाऊकाकांनी वाडगा तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. "आणि ही कसली पेज? चव नाय, काय नाय. ती लाल पेज खंय गेली? तीच खावक तर मी गावाक येतंय!"

खाली पळी भांड्यावर आपटली. मग आईचं तोंड त्या दोन फळ्यांच्या फटीत दिसलं, धुरात, वर केलेलं. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती.

"भावजीनू, ती पेज ह्या फळयांनी खाल्ली. मी तुमका कळवलंय होता, चुलीर फळी मारू नको, बियाण्याक धूर लागता. तुमी आयकलात नाय. तुमी थोरले म्हणान मी गप ऱ्हवलंय. आता ह्या येवढाच उरला हा. आता मी गप ऱ्हवचंय नाय."

भाऊकाका गांगरले. ते वाईट नव्हते. मोठे होते एवढंच. फटीपाशी वाकून ते म्हणाले, "कधी कळवलंस? माका असा पत्र इलाच नाय. तुझा पत्र माका चांगला आठवता. 'अत्यंत आनंद झाला आहे' असा होता. मी ऑफिसात दाखवलंय, आमच्या सुमनचा अक्षर बघा म्हणान."

फटीतून आईचे डोळे भाऊकाकांवरून सरकून माझ्यावर आले. धुराने लाल झालेले. मी पेजेचं भांडं घट्ट धरून उभी होते. ते गरम होतं, तळहात भाजत होते, तरी खाली ठेवायचं सुचत नव्हतं. 'मी लिहिलं नाही' एवढं बोलायचं होतं. नववी पास झाली होती, अलंकार पाठ होते, आणि तीन शब्द येईनात.

"मगे माझ्याच ध्यानातसून गेला आसतला," आई म्हणाली आणि तिचं तोंड फटीतून नाहीसं झालं.

आज इतक्या वर्षांनीही त्या वाक्याचा मला संताप येतो. मला शिव्या घालायच्या होत्या तिने! सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा घालायच्या. ती चूक स्वतःच्या पदरात बांधून का घेतली? आणि ती बांधून घेताच भाऊकाकांचा आवाज मोकळा झाला. "मगे झाला तर! तुझीच चूक. जा गो सुमन, हातोडो आणि खिळे घेवन ये. मीच मारतंय ह्यो फळयो."

मी जिना उतरले. हातोडा मागच्या पडवीत होता. त्याच्याशेजारीच सकाळी बाबांनी सोललेल्या नारळांची सोडणं पडली होती, हिरवी, ओली, बोट दाबलं तर पाणी येईल अशी. त्यांचा धूर कसा निघतो ते आमच्याकडच्या पोराटोरांना ठाऊक असतं. मी हातोड्याकडे पाहिलं, सोडणांकडे पाहिलं. मग परकराचा ओचा धरला, मावतील तेवढी घेतली, स्वयंपाकघरात आले आणि आईच्या शेजारी उकिडवी बसून एकेक सोडण चुलीत सारलं. चूल आधी फुसफुसली, काळवंडली, आणि मग दाट पिवळा लोळ उठून सरळ वर गेला. मुडी त्यात दिसेनाशी झाली. काकीचा पहिला ठसका ऐकू आला, मग भाऊकाकांचा.

पुढे ती मुडी मिरगाला उतरली, उगवली, आणि पाहुणे ठरल्यापेक्षा चार दिवस आधी मुंबईला गेले. ते सगळं यथास्थित झालं. मला आठवतं ते चुलीपुढचं. आईने ओल्या सोडणांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चिमट्याने बाहेर काढील.

"माका माफ कर, आये," मी म्हणाले.

भिंतीशी टेकवलेली फुंकणी तिने उचलली, गाल भरून वारा घेतला आणि फुंकर मारली.